वॉशर का वाढत गेले

मावशीकडे टॅप मागायला गेलात की आधी उलटतपासणी होते. कशात पाडायचाय, लोखंडात, पितळेत की बिडात? भोक आरपार आहे की त्याला तळ आहे? कोरं आहे की आधी कुणी हात लावलाय? बोल्ट एकदाच आवळून विसरायचाय की रोज काढघाल आहे? तुम्ही घाईत असता, कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं असतं, म्हणता, अहो मावशी, एक चार सुती टॅप द्या हो, लगेच आणून देतो. ती चष्म्याच्या वरून बघते. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी तांब्याची तार. म्हणते, डोळे न तपासता कुणी चष्मा देतं का? आणि तुम्ही उत्तरं दिल्याशिवाय डबा उघडत नाही.

ज्यांचा लोखंडाशी संबंध फक्त खिडकीच्या गजापुरता आहे, त्यांच्यासाठी सांगते. बोल्ट ज्या भोकात फिरत फिरत शिरतो, त्या भोकाच्या आतल्या भिंतीवर गोल गोल उतरत जाणारी एक वाट कोरलेली असते. तिचे वेढे म्हणजे आटे, आणि त्या आट्यांवरच बोल्ट उभा असतो. ते आटे कोरायचं हत्यार म्हणजे टॅप. दिसायला जाड स्क्रूसारखा, अंगावर उभ्या खाचा, आणि इतका कडक की वाकणं त्याला ठाऊक नाही. जास्त झालं की सरळ मोडतो, आणि मोडतो तो भोकातच. मग तो बाहेर काढायचा म्हणजे मगरीच्या तोंडातून दात काढायचा. हाताने चालवायचे टॅप तिघांच्या संचात येतात. पहिला टोकाशी निमुळता, तो वाट दाखवतो. दुसरा ती खोल करतो. तिसऱ्याला टोकच नसतं, तो थेट तळापर्यंत जाऊन उरलेलं काम संपवतो. कुठल्या कामाला कुठला, ही निवड. आणि मावशीच्या मते सगळी अक्कल निवडीत आहे, पिळायला काय, बैलही पिळतो.

मी त्या गल्लीत पहिल्यांदा गेले ती लोकांना गोळा करायला. दोन्ही बाजूंना पत्र्याची छोटी वर्कशॉप, मध्ये हातगाडी जाईल एवढी वाट, आणि धूर बाहेर जायला जागा नाही. मला त्यावर आवाज उठवायचा होता आणि माझा आवाज तेव्हाही लहान नव्हता. प्रत्येक दारात उभी राहून भाषण करत मी मावशीच्या दारात आले. तिने टेबलाला जखडलेल्या व्हाइसच्या पकडीवरून मान न उचलता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा मोर्चा आरपार आहे की तळ आहे त्याला?" मी तडकले. पण घरी जाताना रस्ताभर त्याच प्रश्नाने डोकं खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी मी भांडायला म्हणून परत गेले ती तिथल्या स्टुलावर बसू लागले. धुराचं पुढे काय झालं ती वेगळी हकिगत आहे. ही मावशीची आहे.

मावशी लोखंडाकडे उलट्या दाराने आली. तिचे वडील एका मोठ्या कारखान्यात हत्यारांच्या खिडकीवर बसायचे. कामगाराने खिडकीशी यायचं, हत्यार मागायचं, काम झालं की परत करायचं. वडिलांनी जन्मात एक आटा पाडला नाही, तो त्यांचा विभागच नव्हता. पण कुठला टॅप कुठे जाईल आणि कुठे मोडेल हे त्यांना आधी कळायचं, कारण मोडलेले सगळे त्यांच्याकडेच परत यायचे. त्यांनी त्या तुकड्यांकडून शिकून घेतलं. मग खिडकीवर प्रश्न सुरू झाले. कामगार शिव्या द्यायचे, म्हातारा हत्यार देतोय की मुलगी देतोय. ते ऐकायला मावशी खिडकीखालच्या खोक्यावर बसलेली असायची. शाळा सुटली की डबा घेऊन यायची आणि डबा संपला तरी उठायची नाही. तिला प्रश्न पाठ झाले, उत्तरं पाठ झाली. हातात टॅपचा दांडा मात्र लग्नानंतर आला.

तिथला एक खण तिला अजून स्वप्नात दिसतो म्हणते. त्यात लाल फडकं अंथरलेलं होतं. तो चार सुताचा खण. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे चार सूत हा अर्धा इंच. त्या कारखान्यात दोन वेगवेगळ्या देशांची यंत्रं होती आणि दोघांची आटे पाडायची पद्धत वेगळी. पण नेहमीच्या बहुतेक मापांत दोघांचे इंचामागे आटे सारखेच पडत, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्यात कसाबसा का होईना जायचा. चार सूत तेवढं खोडकर. एका पद्धतीत इंचात बारा आटे, दुसरीत तेरा. जाडी तीच, डोळ्याला फरक कळायचा नाही, आणि बोल्ट सुरुवातीला गुपचूप आतही शिरायचा. म्हणून लाल फडकं. वडील म्हणायचे, या खणात हात घालताना दोनदा विचार कर. बाकी मापं सरळ आहेत, हे एक सोंगाडं आहे.

लग्न झालं ते एका लेथवाल्याशी. गल्लीतलं वर्कशॉप त्याचं. मावशी त्याच्याबद्दल बोलताना नाव घेत नाही, 'हे' म्हणते, आणि 'हे' म्हणताना थोडी तिरकस हसते. एकदा ह्यांनी टॅप मोडला तेव्हा ती दारात उभी राहून हसली. त्यांनी दांडा तिच्या हातात दिला, म्हणाले, मग तू कर. तिने केलं आणि तिच्याकडूनही मोडला. मग दोघं मिळून हसले. त्यानंतर टॅप पाडायचं काम हळूहळू तिच्याकडे सरकलं आणि 'हे' गेल्यावर वर्कशॉपही तिच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. आटेवाली मावशी. गल्लीत तिच्यासारखा हात नाही, हे तुम्हाला विचारावं लागत नाही, ती स्वतःच सांगते, दिवसातून निदान एकदा.

तिच्या घरात दुसरी एक बाई आहे, तिच्याइतकीच स्वतःवर खूश. मावशीची नणंद, ह्यांची धाकटी बहीण. गल्ली तिला आत्या म्हणते. लहानपणापासून आत्याच्या पायात बळ नाही. तिच्यासाठी ह्यांनी हाताने चालवायची तीनचाकी बनवली. छातीसमोर दांडा, तो गोल फिरवला की साखळीने पुढचं चाक फिरतं. आणि खरी करामत पुढे आहे. एक खटका ओढला की साखळी चाकावरून सुटते आणि बाजूला बसवलेल्या सहाणेच्या दगडाला लागते. म्हणजे दांडा पुढे फिरवला की आत्या गावभर फिरते, थांबून खटका ओढला की सुऱ्या, कात्र्या, विळ्या यांना धार लावते. आत्या धारवाली. शिंप्यांच्या आळीपासून खाणावळींपर्यंत तिची गिऱ्हाइकं आहेत आणि कुठल्या खाणावळीतल्या स्वयंपाक्याची मालकिणीशी बोलाचाल बंद आहे, हेही तिला ठाऊक असतं.

बाहेरून आल्यावर आत्या सगळं सांगते आणि मावशी ऐकत नसल्याचं दाखवत सगळं ऐकते. दोघींचं पटत नाही असं दोघीही म्हणतात. गोड असताना मावशी तिला 'अगं' म्हणते. 'वन्सं' म्हटलं की समजावं, पारा चढलाय.

तर त्या दिवशी सकाळी आत्या गेली आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबली. दांडा हातात आला. म्हणजे अक्षरशः हातात. दांड्याला आसाशी बांधून ठेवणारा चार सुती बोल्ट निसटला आणि दांडा तिच्या मांडीवर पडला. पानाच्या टपरीवाल्याने आणि मी ढकलत गाडी मावशीच्या दारात आणली. ढकलत आणलेलं आत्याला अजिबात आवडलं नाही. तिने वाटभर एक शब्द काढला नाही, आणि आत्या गप्प बसते ही मोठी बातमी असते.

मावशीने बोटाने भोक चाचपलं. आसाच्या टोकात सरळ आत गेलेलं, तळ असलेलं भोक. तोंडाशी आटे असे झाले होते जसे भिजून फुगलेल्या पुस्तकाची पानं.

इथे काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं, कारण गेले काही महिने मीच आत्याच्या मागे लागले होते. आमच्या संघटनेमार्फत तिला बॅटरीची नवी तीनचाकी मिळणार होती. तिने फक्त हो म्हणायचं होतं. ती म्हणायची, बॅटरीची गाडी मला नेईल, ही गाडी मी नेते. आणि दगड कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर? नव्या गाडीला दगड जोडायला बंदी होती, मी त्यासाठी साहेबांशी भांडूनही आले होते. आता जुनीचा आस गेला तर आत्यासमोर दोनच गोष्टी उरत होत्या. दगडावाचून फिरायचं, नाहीतर घरात बसायचं. तो आस बेअरिंगांसकट चौकटीत असा गुंफलेला होता की तो बदलायचा म्हणजे गाडी कापायची. कापलेली गाडी पुन्हा तशी जोडणारा माणूस आता नव्हता.

समोरचा टर्नर आला. टक्कल, पोट, आणि कुठल्याही कामाला 'दोन मिनिटं' म्हणायची सवय, म्हणून गल्ली त्याला दोनमिनिट म्हणते. त्याने भोकात डोकावून निकाल दिला. मोठं करून टाक, पाच सुती पाड, संपला विषय. मावशीने आसाचं टोक दाखवलं आणि विचारलं, पाच सुती पाडल्यावर भिंत किती उरेल? कागदाएवढी. चढावर दांडा जोरात ओढला की आस मक्याच्या कणसासारखा सोलला जाईल. दोनमिनिट म्हणाला, मग वेल्डिंग मार. आत्या पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तुझ्या तोंडाला मार. वेल्डिंग केलं की बेअरिंग बदलायला दांडा पुन्हा निघणार नाही, हे तिलाही कळत होतं.

मावशीने ठरवलं, मोठं करायचं नाही. आहेत तेच आटे टॅप फिरवून साफ करायचे, वाट मोकळी करायची, नवा बोल्ट घालायचा. मग तिने तेच केलं जे गल्लीतला प्रत्येक जण करतो. भोकातून निघालेला बोल्ट उचलला, एक एक टॅप त्याच्याशेजारी धरून दातात दात बसतो का पाहिलं. तेराचा टॅप नेमका बसला. तळाचं भोक, पोलादी आस, म्हणून तेल भरपूर, सुरुवात पहिल्या टॅपने. सगळे प्रश्न विचारून झाले. उत्तरंही सगळी मिळाली. बोल्ट ही साक्ष, आणि साक्ष समोर आहे.

बोल्टासोबत वॉशरांची, म्हणजे त्याच्या डोक्याखालच्या चकत्यांची, एक चळतच निघाली होती, ती मी उगाच बोटात फिरवत होते. एक जाड, एक पातळ, एक तर डब्याच्या पत्र्यातून कापलेला. मी विचारलं, एवढे कशाला? आत्या म्हणाली, दादाने गाडी केली तेव्हा एकच होता. नंतर दांडा हलायला लागला की वहिनी एक वॉशर घालते आणि पान्याला लांब पाइप लावून आवळते. मग काही दिवस बरं चालतं. मावशी म्हणाली, चालणारच, तू दांडा उलटा फिरवतेस म्हणून सैल होतो. आत्या म्हणाली, धार लावताना उलटा फिरवावाच लागतो, पातं काय माझी सून आहे ऐकायला? ही रोजची फेरी होती. कुणी मनावर घेतलं नाही. मीही वॉशर टेबलावर ठेवून दिले.

त्या गल्लीत एक रिवाज आहे, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. परत न मिळणाऱ्या वस्तूत टॅप घालायचा असेल तर घालणारा दारात येऊन हात वर करतो. मग ग्राइंडर थांबतात, लेथ थांबतात, रेडिओ बंद होतो. कारण मोडण्याआधी टॅप बारीक आवाज करतो आणि तो ऐकू आला तरच हात वेळेवर थांबतो. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं तेवढा वेळ मशिनीवरचे हात काढून उभी राहतात. मावशीने हात वर केला. गल्ली गप्प झाली. इतकी की टपरीवाल्याच्या कात्रीचा आवाज ऐकू यायला लागला.

टॅप भोकाच्या तोंडाशी ठेवून मावशीने त्याचा दांडा फिरवला. पहिला फेरा सहज गेला. तिने अर्धा फेरा मागे घेतला, पुन्हा पुढे. आता अडलं. तिने तेल सोडलं आणि थोडा जोर दिला. कर्र असं काहीतरी झालं. मला तो आवाज इतर कुठल्याही आवाजासारखा वाटला.

आत्याची मान वळली. "वहिनी, थांब. हे कापत नाहीये, ओरबाडतंय."

मावशीने हात काढला नाही. म्हणाली, "वन्सं, दगडावरचं ज्ञान दगडावर ठेवा."

"तेच सांगतेय. पातं उलट्या अंगाने दगडाला लागलं की असंच रडतं. तू अजून एकदा फिरवलंस तर मी उद्यापासून घराच्या खिडकीत बसलेली दिसेन. तुझ्याकडे बघत."

सगळी गल्ली ऐकत होती, यंत्रं बंद होती ना. मावशीचे अंगठे दांड्यावर पांढरे पडले होते. मला वाटलं, ही फिरवणार. आमच्यासारख्या बायकांना चारचौघांत कुणी थांब म्हटलं की आम्ही दोन पावलं जास्त टाकतो, मला तो स्वभाव आतून ठाऊक आहे. तिचा हात हलला. पण मागे हलला. तिने टॅप उलटा फिरवत बाहेर काढला आणि त्याच्या खाचा उजेडात धरल्या.

मग मला म्हणाली, इकडे ये, तू फार प्रश्न विचारतेस ना, सांग, ह्यात काय दिसतं? मी म्हटलं, लोखंडाचा चुरा. ती म्हणाली, कसा? मी म्हटलं, चकचकीत. ती म्हणाली, मग? झाडलेल्या खोलीत केरसुणी फिरवली तर काय निघावं? धूळ. हिने तर फरशी उकरून आणली. आटे आधीच पाडलेले असतील तर टॅपने नुसता मळ आणायचा, गंज आणायचा. ताजं लोखंड निघालं म्हणजे टॅप नवी वाट पाडतोय. म्हणजे जुनी वाट दुसरीच आहे.

आणि तिने टेबलावरच्या वॉशरांकडे पाहिलं. आता तीही तोच प्रश्न विचारत होती जो मी विचारला होता. एवढे कशाला?

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. भोकाला तळ, आत अंधार, बोट खोलवर शिरत नाही, आणि साक्ष देणारा बोल्ट खोटा ठरलेला. आतले आटे वाचायचे कसे? मावशीने खोक्याच्या फळीची मऊ चिपाटी तासली, तिच्या एका अंगाला धुण्याचा साबण चोपडला आणि ती भोकात सरकवली. साबणाचं अंग भिंतीकडे. दुसऱ्या बाजूने एक पातळ पाचर हलकेच ठोकली. चिपाटी भिंतीवर दाबली गेली. मग पाचर काढली, चिपाटी भिंतीपासून सोडवली आणि बाहेर घेतली. साबणावर आटे उठले होते. तोंडाजवळ नुसता चिखल. पण जरा आत गेलं की एकसारख्या, स्वच्छ रेघा, थेट तळापर्यंत.

तिने तेराचा टॅप त्या रेघांवर टेकवला. पहिला दात बसला, दुसरा बसला, मग दात रेघांवर चढायला लागले, जसं एकाच रांगेत चालताना एकाचं पाऊल थोडं आखूड असावं. टॅप खाली ठेवून ती आत गेली. आली ती एक चपटा डबा घेऊन. डब्यात विटलेलं लाल फडकं. वडील निवृत्त झाले तेव्हा त्या खणातला फक्त तो कपडा आणि मोडीत काढलेला बाराचा एक संच त्यांनी मागून घेतला होता. त्यातला दुसरा केव्हाच मोडला, पहिला आणि तिसरा शिल्लक. आता सगळं काम मिलिमीटरात नाहीतर तेरात येतं, म्हणून डबा पलंगाखाली असायचा. बाराचा टॅप रेघांवर ठेवला. तो असा झोपला की मधे केससुद्धा गेला नसता.

दोनमिनिट म्हणाला, म्हणजे भोक बाराचं आणि बोल्ट तेराचा? मग इतकी वर्षं बसला कसा?

"घट्ट बसला," मावशी म्हणाली. तेवढंच.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. तेराचा बोल्ट बाराच्या भोकात काही फेरे जातो आणि मग अडतो. अडतो म्हणजे हाताला घट्ट लागतो. आपल्याकडे घट्ट म्हणजे चांगलं. पण तो भोकात घट्ट होता, दांड्यावर नाही. बोल्टाचं डोकं दांड्यापर्यंत पोचतच नव्हतं. मधल्या फटीत दांडा हलायचा. मग फट भरायला वॉशर. वॉशर घातला की बोल्ट अजून वर राहायचा, अजून थोड्या आट्यांवर लटकायचा. पाइप लावून आवळलं की ते थोडे आटेही चिरडायचे. मग पुन्हा सैल, पुन्हा वॉशर, पुन्हा पाइप. दर वेळी मावशी हात पुसत म्हणायची, बघ कसा घट्ट बसलाय. आणि दर वेळी खरंच बसलेला असायचा.

मूळ बोल्ट एकदा रस्त्यात पडून हरवला होता, हे आत्याला आठवलं. त्याच्या जागी आलेला बोल्ट कुणाच्या डब्यातला, हे कुणी विचारलं नाही. गल्लीला विचारायची गरज नव्हती. चार सुती बोल्ट गल्लीत एकाच डब्यात मिळतात आणि त्या डब्यावर बसलेली बाई दुसऱ्याला दहा प्रश्न विचारते. स्वतःच्या डब्याला तिने एकही विचारला नव्हता. घरचा डबा, घरची गाडी, कशाला विचारायचं?

मी वाट बघत होते की आत्या आता सोडणार नाही. उलटं फिरवल्याची बोलणी तिने वर्षानुवर्षं खाल्ली होती. आत्याने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आत दादाचे आटे चांगले आहेत का?"

मावशीने चिपाटी तिच्या हातात दिली. आत्याने साबणावरच्या रेघांवरून नख फिरवलं, जशी ती पात्यावरून फिरवते. वाईट बोल्ट कधी आत पोचलाच नव्हता. सगळी मारामारी दारातच झाली होती. आतलं घर जसं ह्यांनी सोडलं तसंच होतं.

मग काम कसं करायचं ते कुणाला सांगावं लागलं नाही. तोंडाशी चिरडलेले आटे दुरुस्त करायचेच नाहीत. तेवढ्या भागात चार सुती ड्रिल फिरवून ते काढून टाकायचे, दार मोकळं करायचं, आणि आतल्या चांगल्या आट्यांपर्यंत पोचेल असा लांब बोल्ट घालायचा. बारा आट्यांचा लांब बोल्ट बाजारात मिळणार नव्हता. दोनमिनिट म्हणाला, तो मी करतो, माझं लेथ बारा विसरलेलं नाही. आणि गिअर बदलायला गेला. त्याला दोन मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला, पण त्या दिवशी कुणी टोमणा मारला नाही.

मावशीने ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली आणि खूण आली तिथे थांबली. मग तिने डब्यातला तिसरा टॅप काढला. मी विचारलं, पहिला का नाही? म्हणाली, पहिला वाट पाडायला. वाट तर आहे. निमुळतं टोक तळाला टेकेल आणि त्याचे पूर्ण दात आतल्या आट्यांना अर्धेमुर्धेच लागतील. जिथे कुणीतरी आधी नीट जाऊन आलंय तिथे तिसरा घालायचा, तो रांगेतून चालतो.

तिने दारात येऊन पुन्हा हात वर केला. गल्ली पुन्हा थांबली. या वेळी तिने टॅपला दांडा लावलाच नाही. टॅप नुसता दोन बोटांत धरला, मोकळ्या दारातून आत सोडला आणि हलकेच फिरवला. काही झालं नाही. म्हणजे आवाज झाला नाही, अडलं नाही, जोर लागला नाही. टॅप फिरत गेला, फिरत गेला आणि तळाला टेकून थांबला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "काहीच ऐकू येत नाहीये." मावशी म्हणाली, "तेच ऐक."

टॅप बाहेर आला तेव्हा खाचांत काळं जुनं वंगण होतं. मावशीने ते बोटावर घेऊन चोळलं. लोखंडाचा एक कण नाही. आयुष्यभर टॅप पाडणाऱ्या बाईने त्या दिवशी सगळ्यांत बरोबर टॅप निवडला आणि त्याने काहीच कापलं नाही. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, भाषण नको, तो बोल्ट आण.

नवा बोल्ट एका वॉशरवर बसला. त्याचं डोकं दांड्याला जाऊन भिडलं आणि मग घट्ट झालं. पाइप कोपऱ्यात उभाच राहिला. आत्याने दांडा पुढे फिरवला, मागे फिरवला, खटका ओढून दगड फिरवला. मग मुद्दाम, मावशीकडे बघत, उलटा फिरवला. बराच वेळ. मावशी दुसरीकडे बघत होती.

जुने वॉशर मी फेकणार होते. मावशीने हिसकावून घेतले आणि तेराच्या बोल्टासकट तारेत ओवून टेबलाच्या वरच्या खिळ्याला टांगले. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? ती सांगते, साक्षीदार आहे, खोटं बोलणारा. कुणाचा, ते सांगत नाही. आणि तिने लाल रंगाची बाटली आणून नव्या बोल्टाच्या डोक्यावर ब्रश फिरवला, पुन्हा कुणी दुसरा घालू नये म्हणून.

रंग ओला असतानाच आत्या निघायला लागली. शिंपी वाट बघत असतील, म्हणाली. जाताना थांबून तिने विचारलं, "ही खूण मी विसरू नये म्हणून आहे की तू?"

"जा गं," मावशी म्हणाली. "कात्र्या बोथट होतायत लोकांच्या."

बॅटरीच्या गाडीचं काय करू, मी मागून ओरडून विचारलं. आत्याने मागे न बघता एक हात वर केला. सवयीने गल्लीतले दोन ग्राइंडर थांबले. तेवढ्या शांततेत मला तिच्या साखळीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. हलणाऱ्या दांड्याचा खडखडाट नाही.